डॉक्टरांचा वेगळा डबा

एका माणसाने मनावर घेतलं तर तो अख्ख्या गावाची चव बदलू शकतो.

हे वाक्य माझं आहे. मी ते मानपत्रासाठी लिहिलं, ते काचेच्या चौकटीत बसवलं गेलं आणि आमच्या नागावात मांडव घालून शे-दीडशे माणसांसमोर वाचलंही गेलं. वाक्य ठसठशीत आहे. ते खरं नाही, हे मला लिहिताना ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत मला वाक्याची काळजी नव्हतीच. ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांच्या डोक्याची होती.

ते म्हणजे आमचे डॉक्टर. जन्माने इटालियन, पेशाने डॉक्टर आणि प्राध्यापक. तिशीच्या सुमारास मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात दोन वर्षं शिकवायला आले. तिथे त्यांना नागावची एक भूलतज्ज्ञ भेटली. यावर लोक जो विनोद करतात तो डॉक्टर पन्नास वर्षं ऐकत आलेत, म्हणून मी तो करत नाही. दोन वर्षांची तीस झाली. निवृत्तीनंतर दोघं तिच्या माहेरच्या वाडीत येऊन राहिली. मी शेजारची. अलिबागच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या वाड्यांमध्ये एक कुंपण आहे आणि त्या कुंपणाला एक भगदाड आहे. ते बुजवायचं असं आम्ही दर वर्षी ठरवतो.

डॉक्टर सकाळी पडवीत बसून पेशंट बघत. गुडघा दुखतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, सुनेशी पटत नाही, काहीही असलं तरी ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "मीठ कमी करा." समोर सुकत घातलेली सुकट, दारात वाळवणाचे पापड, फडताळात कैरीचं लोणचं, अशा मुलखात हा माणूस वीस वर्षं मिठाविरुद्ध बोलत होता. लोक "व्हय डॉक्टर" म्हणत आणि घरी जात.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. डॉक्टरांना स्वयंपाक येतो, पण तो एका पदार्थापुरता, आणि तो पदार्थ रोज खाण्याजोगा नाही. तेव्हा आम्ही सात घरांनी वार वाटून घेतले. सोमवार माझा, बुधवार मासळी विकणाऱ्या मावशींचा, रविवार सरपंचबाईंच्या घरचा. सहाएक महिन्यांनी डॉक्टर भगदाडातून आले. चेहरा असा, की विद्यापीठाने काहीतरी बहाल केलं असावं.

"बाई, गाव सुधारलं."

"कशात?"

"मिठात. कुठल्याही घरचा डबा घ्या. जवळजवळ नाहीच. सोळा-सतरा वर्षं लागली, पण ऐकलं."

मला बरं वाटलं आणि किंचित लाजही वाटली. कारण मी स्वतः आमटीत पूर्वीइतकंच मीठ घालत होते. डॉक्टरांची वाटी तेवढी आधी काढून ठेवायची, मग मीठ टाकायचं, अशी माझी पद्धत. मला वाटलं, सगळ्या गावात मी एकटीच बेशिस्त राहिले. हे मी कोणाला सांगितलं नाही.

या मे महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमान, भाऊ, सगळा कारभार बघतात. सही तेवढी बाई करतात. या भाऊंनी ठरवलं की डॉक्टरांचा जाहीर सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि सत्कारमूर्तींचं भाषण. भाऊ माझ्याकडे आले.

"बाई, मानपत्र तुम्ही लिवा. तुमचा आयुष्यभर पुस्तकांशी संबंध."

"मी पुस्तकं कपाटात लावत होते."

"तेच. भारदस्त होऊ द्या. लोकांना सगळं समजलं नाही तरी चालेल."

त्याच आठवड्यात डॉक्टरांचे शब्द हरवायला लागले.

पहिला गेला तो 'चावी'. दाराशी उभे राहून ते कुलपाकडे बोट दाखवत होते आणि मला म्हणत होते, "ते द्या, ते... उघडायचं." मला वाटलं, उकाडा आहे. मग शुक्रवारचा डबा देणाऱ्या बाईंचा वार ते विसरले. मग आमच्या पुढच्या होमस्टेला आपलं घर समजून आत गेले आणि तिथल्या पर्यटकांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले. चालताना एक हात भिंतीला लागायला लागला. डोकं जड, जेवणावरची वासना गेलेली. तहानेचं म्हणाल तर वाडीतली शहाळी आणि तांब्या तांब्या पाणी, उन्हाळ्यात भरपूर प्या हा त्यांचा दुसरा उपदेश.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पडवीत बसवलं.

"बाई, मी हे तीस वर्षं शिकवलं आहे. सुरुवात अशीच होते. आधी नावं जातात. मला आता रोज तपासायचं. तुम्ही तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटं दुसरं बोलायचं, मग ते तीन मला विचारायचे."

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या."

"नाही. कोणाला सांगायचं नाही. माझ्या विद्यार्थ्यांना तर नाहीच. मे संपता संपता भाची येते आहे."

भाचीबद्दल मला ठाऊक होतं. ती इटलीत तुरीनजवळ राहते, वर्षातून दोनदा फोन करते आणि दर वेळी सांगते की वयस्क लोकांच्या एका निवासात तिने मामाचं नाव नोंदवून ठेवलं आहे. डॉक्टर याबद्दल एकच माहिती देत. "तिथे बाग आहे." लोक एखाद्याला शिक्षा झाली हे ज्या आवाजात सांगतात तो आवाज.

"ती मला असं बघेल तर घेऊन जाईल," डॉक्टर म्हणाले. "आणि तिचं चूक नाही. मीही पेशंटच्या नातेवाइकांना तेच सांगितलं असतं. पण तिथे मी कोणाशी बोलू? माझं इटालियन पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. मी फोनवर बोललो की ती हसते. म्हणते, मामा, तुम्ही आजीसारखं बोलता."

मी वचन दिलं. देऊ नये हे मला तेव्हाही कळत होतं.

मग आमची सकाळची परीक्षा सुरू झाली. मी म्हणायचे, नारळ, होडी, दिवा. मग पाच मिनिटं आम्ही बनाना बोटीवरून पडणाऱ्या पुणेकरांबद्दल बोलायचो. मग मी विचारायचे. पहिल्या दिवशी तीनांपैकी दोन आले. चौथ्या दिवशी एक. तो एक सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की बरोबर असूनही मला 'बरोबर' म्हणवेना. सहाव्या दिवशी त्यांनी मला पकडलं.

"बाई, तुमच्या मुठीत काय आहे?"

चिठ्ठी होती. तिच्यावर मी तीन शब्द लिहून ठेवत असे, कारण पाच मिनिटांनी मलाही ते आठवत नसत.

"तुम्ही कॉपी करता."

"माझी परीक्षा नाही."

"आता आहे," असं म्हणून ते हसले. त्या आठवड्यात ते एवढंच हसले. आणि मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आता काळजी दोघांची होती.

दुपारी मी मानपत्र लिहायला बसायचे. 'प्रखर स्मरणशक्तीचे धनी' असं लिहिलं आणि खोडलं. 'सात समुद्र ओलांडून' लिहिलं, मग मोजायला गेले तर तेवढे भरेनात. शेवटी लक्षात आलं की या माणसाने ठळकपणे साध्य केलेली गोष्ट एकच. तेव्हा ते गावाची चव बदलणारं वाक्य आलं. भाऊंना फार आवडलं. ते लगेच चौकट करायला अलिबागला घेऊन गेले, मी अजून दोन परिच्छेद तपासायचे म्हणत असतानाच.

डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात मला कागदाचे तुकडे दिसायला लागले. डब्यांवर, खिडकीवर, गॅसच्या बटणाशी चिकटवलेले. त्यांवर इटालियनमध्ये काहीतरी लिहिलेलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. उद्या यांना हे वाचता येईनासं झालं, तर या घरात ते वाचू शकणारं कोणीच नसेल, हा विचार मनात आला आणि मी घरी येऊन उगाच कपाट आवरलं.

मग ती सकाळ. ते भगदाडातून आले आणि माझ्याशी इटालियन बोलू लागले. आवाज नेहमीचा, हातवारे नेहमीचे. एखादी साधी गोष्ट सांगावी तसं बोलत होते. बहुधा पाणी आलं नाही किंवा मांजर व्यालं, असलंच काही असावं. मी मान डोलावत राहिले. काय करावं ते सुचेना. मध्येच ते थांबले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मी आत्ता कुठल्या भाषेत बोललो?" हे मराठीत.

"तुमच्या."

"माझी कुठली?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं, घरी गेले आणि वचन मोडलं.

अलिबागला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दवाखाना चालवते. मी फोन केला तेव्हा तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सगळं ऐकून म्हणाली, "काकू, मी तासाभरात येते. सरांना सांगू नका, ते दार लावून घेतील." ती आली तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाकडे पाहिलं.

तिने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, चालायला लावलं. मग समोर स्टुलावर बसली.

"सर, तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? पेशंटला आधी काय विचारायचं?"

डॉक्टरांना आठवायला वेळ लागला. आम्ही दोघी थांबलो. 

"काल काय जेवलात," ते म्हणाले.

"मग सांगा. काल काय जेवलात?"

"जे सगळं गाव जेवतं."

"आणि गोळ्या?"

गोळी एकच होती, रक्तदाबाची, लघवीवाटे शरीरातलं मीठ बाहेर काढणारी. डॉक्टरांनी ती स्वतःच स्वतःला लिहून दिली होती, आणि उन्हाळ्याआधी स्वतःच वाढवली होती.

ती माझ्याकडे वळली. "काकू, डबे कोण देतं?"

"आम्ही सात घरं."

"जेवणात मीठ कितपत असतं?"

"माझ्याकडे..." मी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. "त्यांची वाटी मी आधी काढून ठेवते. अळणी. मग आमच्या आमटीत मीठ घालते. पण हे फक्त सोमवारी. बाकी घरांनी मीठ कमी केलंय. डॉक्टरच म्हणाले."

"बाकी घरांनी तुम्हाला सांगितलं तसं?"

तसं कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिने रक्त घेतलं आणि ती परत गेली. संध्याकाळपर्यंत कळवते म्हणाली.

बुधवार होता. दुपारी मावशी डबा घेऊन आल्या. टोपली मागच्या ओट्यावर ठेवून डबा माझ्या हातात दिला, कारण डॉक्टर झोपले होते. मी विचारलं, "मावशी, कालवणात मीठ किती घालता हल्ली?"

"समदे घालतात तवरा," मावशी म्हणाल्या. "का गो बाय? खारा झाला?"

"आणि डॉक्टरांच्या डब्यात?"

"त्यान् कशाला घालीन? त्यांचा वेगला काढते मी. अलनी. बायको गेली बिचाऱ्याची, आपन तरी त्यांचा ऐकाया नको?" मग आवाज खाली आणून, "पन कोनाला सांगू नको हां. बाकीचे घरान् समद्यांनी मीठ सोरलाय म्हनं. माझेच घरान् अलनी कोनाच्या गल्याखाली उतरत न्हाय."

मी चप्पल घातली आणि उरलेली पाच घरं फिरले. भर उन्हात. प्रत्येक दारात तोच प्रश्न, आणि प्रत्येक दारात आधी तोच ओशाळलेला चेहरा. सगळ्यांनी डॉक्टरांचं वेगळं काढलेलं. सगळ्यांना वाटत होतं की गाव सुधारलं, आपणच तेवढे राहिलो. सरपंचबाईंनी तर मला आत बोलावून, दार ओढून घेऊन सांगितलं. वीस वर्षं डॉक्टरांचं मिठाबद्दल कोणी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते फक्त त्यांच्या ताटापुरतं, पण तिथे इतकं मनापासून ऐकलं, की चार वर्षं या माणसाच्या पोटात कोणत्याही घरून चिमूटभर मीठ गेलं नव्हतं. वर ती गोळी, वर मे महिन्याचा घाम, वर शहाळी.

घरी येऊन मी फोनपाशी बसले. रिपोर्ट येईपर्यंत मला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. डॉक्टरांना तोच आजार असला तर ते जातील, तुरीनजवळच्या बागेत. आणि तो नसला, तर आम्ही सात जणींनी आदरापोटी त्यांना जवळजवळ मारलं होतं. तरीही दुसरंच खरं असावं म्हणून मी देवाला हात जोडले. देवावर माझा फारसा विश्वास नाही, त्याचाही माझ्यावर नसावा.

सहा वाजता फोन आला. "काकू, सोडियम खूप खाली आहे. मी गाडी पाठवते. आणि आता घरी कोणी त्यांना मूठभर मीठ-बीठ खाऊ घालू नका. हळूहळूच वर आणावं लागतं."

चार दिवस ते तिच्या देखरेखीखाली सलाइनवर होते. गोळी बंद, पाणी मोजून. दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला सुईबद्दल सूचना दिली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. न विचारता ते म्हणाले, "नारळ, होडी, दिवा."

ते शब्द पहिल्या दिवसाचे असावेत. माझी चिठ्ठी तोवर हरवली होती, त्यामुळे मला खात्री करता आली नाही. मी 'बरोबर' म्हटलं.

मग ते छताकडे बघून बोलू लागले.

"तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवत असे. म्हातारा पेशंट, ही गोळी, उन्हाळा, गोंधळलेला. पहिल्या बाकावरची मुलं हात वर करायची."

"स्वतःचं स्वतःला दिसत नाही, डॉक्टर."

"ते सोडा. म्हणजे तुम्ही सगळ्या मीठ खात होतात?"

"हो."

"पापड?"

"हो."

"लोणचं?"

मी सलाइनच्या नळीकडे पाहिलं.

"चार वर्षं," ते म्हणाले. "मी तुरीनला फोनवर सांगत होतो, की माझं गाव सुधारलं." आजाराने जितके खचले नव्हते तितके ते या बातमीने खचले. मला वाटलं, आता हे म्हणतील, पाठवा मला तिकडे. पण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बुधवारच्या कालवणात एरवी, म्हणजे इतरांच्या, कोकम असतं का?"

भाची आठवड्याने आली. शांत, व्यवस्थित बाई. तिने मामांना चालताना पाहिलं, बोलताना ऐकलं, डब्यांवरचे कागद पाहिले. ते मी काढायला विसरले होते. ती एकेक वाचत गेली आणि मी तिच्या मागे मागे फिरले. शेवटी तिने इंग्रजीत मला विचारलं, हे कशासाठी. मी सांगितलं, मला इटालियन शिकवत होते. ही थाप मी ग्रंथपालाच्या चेहऱ्याने मारली. तो चेहरा तीस वर्षं कामाला आला होता. डॉक्टर तेवढ्यात आतून म्हणाले, "आणि बाईंना अजून एकही शब्द येत नाही." जाताना ती म्हणाली, मामा इथेच राहू दे, तिथलं नाव मी आणखी एक वर्ष नुसतं ठेवते. एक वर्ष म्हणजे आमच्या वयात बरंच झालं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या रविवारी सत्कार. मी आदल्या दिवशी भाऊंकडे गेले. म्हटलं, मानपत्रातलं चवीचं ते वाक्य काढावं लागेल, ते खरं नाही.

"बाई, चौकट होऊन आली."

"पण खोटं आहे."

"काच बसवलीय," भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

वाक्य वाचलं गेलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्या सात घरांतल्या सहाजणी बसल्या होत्या, सातवी मी, मंचावर. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मग डॉक्टर भाषणाला उठले. एखादा शब्द अडला तर? भाची नसली तरी सगळं गाव समोर होतं. ते दहा मिनिटं मराठीत बोलले आणि एकदाही अडले नाहीत. मिठाचा उल्लेख केला नाही. शेवटी म्हणाले, "मी इथल्या लोकांना काही शिकवलं की नाही ते माहीत नाही. पण त्यांनी माझं ऐकलं." मला वाटतं हे फक्त आम्हा सातजणींना कळलं. पुढे बसलेल्या एकीने डोळ्यांना पदर लावला. बाकीच्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

जेवणाची पंगत वाडीतच होती. वाढणाऱ्या बायकांना मी सकाळीच बजावलं होतं, की डॉक्टरांना आता सगळ्यांसारखंच वाढायचं, त्यांच्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. डॉक्टर पंगतीत बसले, भात-कालवण जेवले, पापड मागून घेतला.

तरीही चुलीमागे एक झाकलेलं पातेलं होतंच. त्यात पापलेटचे दोन तुकडे होते, त्या दिवशीचे सगळ्यांत मोठे, डॉक्टरांसाठी वेगळे काढलेले, अळणी. ते भाऊंनी मीठ लावून खाल्ले.